मुलान्जेवर टिकून राहण्याची माझी पद्धत

सोमवार, ३ जून

वही नवी. एनेलेसीला हात लावू देणार नाही. बायको असली म्हणून काय झालं.

चिलोंगोबाईंनी विचारलं आणि मी तिथल्या तिथे हो म्हटलं. बाईंची ब्लँटायरमध्ये डोंगरावर माणसं नेणारी कंपनी आहे. पाठीवर बॅग टाकून मुलान्जे चढणाऱ्यांना रानात टिकून कसं राहायचं, हे शिकवणारा माणूस त्यांना हवाय. अट एकच. आधी स्वतः दोन रात्री वर काढून लेखी अहवाल द्यायचा. एवढंच? एकोणीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतोय. समोच्च रेषा मला झोपेत दिसतात. मुलान्जेच्या पहिल्या धबधब्यापर्यंत तर चार वेळा गेलोय.

तिथे येणारे लोक बघून किळस येते. पायात सपाता, हातात गाणी लावलेला डबा, खिशात काडेपेटीसुद्धा नाही. यांना मी माणसात आणणार.

संकल्प: पहाटे पाचला उठणे, थंड पाण्याने आंघोळ, चहात साखर बंद.

मंगळवार, ४ जून

साडेसातला उठलो. पाणी फारच थंड होतं. चहा नेहमीचा. संकल्प सोमवारपासून सुरू करायचे असतात, काल सोमवार अर्धा गेला होता.

शनिवार, ८ जून

लिम्बेच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात चार तास. गठ्ठ्यातून निघालेल्या कपड्यांना एक कुबट वास असतो, तो अजून नाकात आहे. पण माल मिळाला. फौजी दिसणारं जाड सुती जाकीट, सोळा खिशांचं. बूट अर्धा नंबर लहान आहेत, पण कातडं सैल होतं. शिवाय होकायंत्र, मोठा चाकू, शिट्टी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, चंदेरी कागदाचं ब्लँकेट, डोक्यावर बांधायला ताडपत्री आणि ठिणग्या पाडायची लोखंडी कांडी. काडेपेटी मुद्दाम घेतली नाही. काडेपेटीने कोणीही पेटवील.

दुपारी अंगणात सराव. कांडी आणि चाकू घासून दोन तासांत उत्तम ठिणग्या पाडल्या. शेजारची नाम्बेवेबाई कुंपणावरून बघत होती. शेवटी चिमट्यात निखारा धरून आली आणि म्हणाली, "घ्या हो मास्तर, तुमची भाजी राहिली असेल." अशा लोकांत राहायचं!

तरी प्रयोग यशस्वी. फक्त ज्योत बाकी आहे.

रात्री जेवताना एनेलेसीने बॉम्ब टाकला. "बेस्टरला बरोबर नेणार असाल तरच जा." बेस्टर तिचा धाकटा भाऊ. बसस्टँडजवळ गाद्या विकतो आणि दिवसभर त्याच गाद्यांवर लोळतो. मी म्हटलं, हा अभ्यासदौरा आहे, सहल नाही. ती म्हणाली, "म्हणूनच."

गुरुवार, १३ जून

बॅग तेवीस किलो. उचलून पाहिली. भिंतीला टेकून उचलली की छान उचलली जाते.

बेस्टर मुक्कामालाच आलाय. त्याचं सामान म्हणजे बाजारात न्यायची चौकड्यांची पिशवी. आत बहिणीने दिलेलं लुगड्यासारखं मोठं कापड, भाजलेले शेंगदाणे, अर्धा किलो साखर, वाळवलेली बारीक मासळी, बाटलीत बूच लावून काडेपेटी आणि छत्री. छत्री! त्या मासळीच्या वासाने माझी ताडपत्रीसुद्धा ओकेल. स्वेटर म्हणाल तर जांभळा, जाड लोकरीचा, बायकी, छातीवर ससा. मी विचारलं, हे घालून तू डोंगरावर येणार? तर म्हणतो, "सशाला काय कळतंय दाजी, डोंगर का लिम्बे!"

आता आमच्याच सोफ्यावर बसून पायाची नखं कापतोय. एक उडून माझ्या नकाशावर पडलं. नेमकं शिखरावर.

शुक्रवार, १४ जून, सकाळी ६.४०

मिनीबस. मांडीवर बॅग, बॅगेवर कुणाची तरी कोंबडी. बेस्टरने सगळ्या बसला सांगितलं की हे माझे दाजी, सर्व्हायव्हलचे मास्तर. एका म्हातारीने विचारलं, "म्हणजे कोण मेलं?"

दुपारी ११.५०

चढ सुरू. बूट सैल होण्याऐवजी आकसलेत. गोळी टाकून ओढ्याचं पाणी प्यायलो. दवाखान्याच्या मोरीची चव. बेस्टर ओंजळीने तसंच पितो आणि "आहाहा" करतो. पोट बिघडलं की कळेल.

तो सतत गातो. वरून खांद्यावर फळ्या घेऊन अनवाणी उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबवून घरची चौकशी करतो. त्यातला एक म्हणाला, उद्या चिपेरोनी लागेल, म्हणजे गार धुकं आणि झड. आकाश स्वच्छ निळं होतं. मी त्याला ढगांचे प्रकार सांगितले. तो फळ्या खांद्यावर घेऊनच ऐकत राहिला. शेवटी मलाच दया आली.

संध्याकाळी ५.१५

चांबेच्या पठारावर पोचलो. सहा तास लागले. गिर्यारोहणाच्या पुस्तकात तीन लिहिलेत, पण पुस्तकवाल्याकडे अहवाल लिहायची जबाबदारी नव्हती.

इथे लाकडी झोपडी आहे, चुलाण आहे, आणि सांडिफोलो नावाचा म्हातारा राखणदार आहे. त्याने मोठा जाळ केला होता. "या मास्तर, पाय शेका." मी स्पष्ट नाही म्हटलं. मी इथे शेकायला आलेलो नाही. दोनशे पावलांवर ताडपत्री बांधली. बेस्टर मात्र निर्लज्जासारखा आत जाऊन म्हाताऱ्याबरोबर मक्याचा घट्ट गोळा आणि ती घाणेरडी मासळी हाणतोय. हसण्याचा आवाज इथवर येतो.

मी बिस्किटं खाल्ली. कांडीने ठिणग्या उत्तम.

शनिवार, १५ जून, सकाळी ७.००

ताडपत्री दोनदा कोसळली. दोष दोरीचा. चंदेरी ब्लँकेट पहिल्याच कुशीला टरकन फाटलं. डोळ्याला डोळा नाही.

बाहेर भुरभुर आणि धुकं. फळीवाल्याने उगाच तोंड उघडलं असं म्हणावंसं वाटतं. आजचा बेत: नकाशा आणि होकायंत्रावर पुढच्या झोपडीपर्यंत. सांडिफोलो म्हणाला, "मास्तर, चिपेरोनी आहे. आज जाऊ नका. दोन दिवस तरी हलणार नाही ती." मी त्याच्यापुढे नकाशा पसरला. सव्वीस वर्षं हा इथे राहतोय आणि हे पठार कागदावर त्याने कधी पाहिलेलंच नाही! बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "फार चांगला काढलाय. पण जाकीट सुती आहे तुमचं."

अडाण्यांना नेहमी कपडेच दिसतात.

बेस्टर येतोय. मी म्हटलं नको. तर म्हणतो, "मग ताईला काय सांगू? धुक्यात एक मास्तर हरवला, दुसरा बघ?"

दुपारी १.१५

होकायंत्र खराब निघालं. उत्तर सारखी माझ्या उजव्या मांडीकडे दाखवतं. बेस्टरचं म्हणणं, खिशात चाकू आहे म्हणून. चाकू त्याच्याकडे दिला तर उत्तर फिरली. पण आता आधीची उत्तर कुठली धरायची?

पायवाट नेचांच्या झाडोऱ्यात गेली आणि परत निघाली नाही. उतार आहे. उतार धरला की माणूस वस्तीला लागतो असं पुस्तकात आहे. जाकीट आता बॅगेपेक्षा जड झालंय. सोळाच्या सोळा खिशांत पाणी. बेस्टर छत्री धरून चालतोय. त्याच्याकडे बघवत नाही.

हात थरथरतायत म्हणून अक्षर असं.

नंतर

घड्याळ नीट दिसत नाही. बसलोय. दगड चांगला आहे. थरथर थांबली. थंडी गेली, मस्त वाटतंय. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही, की सवय झाली की थंडी जाते. अहवालात घालणे. जाकीट काढावं म्हणतो, उकडतंय.

बेस्टर ओरडतोय. काय ते कळत नाही. असह्य माणूस. जा म्हटलं. जा ना बाबा. झोपू दे.

रविवार, १६ जून, सकाळी १०.३०

झोपडीत. चुलाणापाशी. लाकडं ओली आणि धूर डोळ्यांत, पण असो.

कालच्या घटनेची नोंद अहवालासाठी शिस्तीत करतो. उद्देश: थंडीने गारठलेल्या माणसाला सोडवण्याचा सराव. गारठलेल्याची भूमिका मी केली. बेस्टरने माझे ओले कपडे काढले, तो जांभळा स्वेटर मला घातला, वरून कापड गुंडाळलं, आणि साखर आणि शेंगदाणे मूठमूठ तोंडात कोंबले. दोन थोबाडीत मारल्या. भूमिकेला त्याची गरज नव्हती. मग शिट्टी, तीन-तीनदा. शिट्टी माझी होती, हे नमूद करतो.

सांडिफोलो नेचांतून असा आला जणू तिथेच बसला होता. त्याला विचारलं, कसा पोचलास? तो म्हणाला, "तुमचं जाकीट बघितलं तेव्हाच ठरवलं होतं. बारा वाजता निघालो." दोघांनी मला मधे धरून आणलं. काही अंतर बेस्टरच्या पाठीवर. त्याच्या मानेला मासळीचा वास येतो. स्वेटरलाही. मी सशासकट झोपलो.

सारांश: सराव यशस्वी.

दुपारी ३.००

मोठ्या खडकावर चढलं की फोनला रेंज येते. बेस्टर एनेलेसीशी बोलत होता. मी खाली उभा. तो म्हणाला, "अगं ताई, मीच गारठलो. दाजी होते म्हणून वाचलो. त्यांनी शिट्टी काय वाजवली, मला काय पाठीवर घेतलं!"

खाली उतरल्यावर मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर ती बायबल घेऊन इथे वर आली असती. आणि तुम्हाला जन्मभर ऐकवलं असतं."

विचार केला. तसं पाहिलं तर त्याचं बोलणं अगदीच चूक नाही. मोहीम माझी, शिट्टी माझी. मी नसतो तर तो या डोंगरावर आलाच नसता आणि वाचलाही नसता. क्रम जरा मागेपुढे झालाय एवढंच.

सोमवार, १७ जून

घरी. पायाच्या चार नखांचा रंग बघवत नाही. एनेलेसीने घमेल्यात गरम पाणी, मीठ घालून दिलं आणि स्वतः पाय चोळले. चोळता चोळता रडली. "माझा एकुलता भाऊ," म्हणाली. मी म्हटलं, कर्तव्य होतं.

नाम्बेवेबाई कुंपणावरून हात जोडून गेली. निखाऱ्याचा विषय काढला नाही.

बुधवार, १९ जून

अहवाल अकरा पानं. चिलोंगोबाईंनी उभ्या उभ्या वाचला. बातमी त्यांच्याकडे आधीच पोचली होती, चर्चमधून. म्हणाल्या, "मास्तर, मला पुस्तकी माणूस नकोच होता. पहिला गट तुमचा. शनिवारी त्यांना माहिती द्या, सोमवारी घेऊन निघा." तिघे आहेत. झोम्बाच्या दोघी बहिणी, दोघीही नर्स, आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. चार रात्री.

मला आनंद झाला. जेवण मात्र गेलं नाही. मासळीचा वास अजून नाकात आहे.

गुरुवार, २० जून

बेस्टरच्या दुकानी गेलो. गादीवर आडवा होता. मी त्याला मदतनीसाची जागा देऊ केली. मोठ्या मनाने. तो उठून बसला. नाही म्हणाला. मी कारण विचारलं. पगार? गिऱ्हाईक?

तो म्हणाला, "दाजी, मी पुन्हा तिथे जाणार नाही. तुमचे ओठ राखेसारखे झाले होते. तुम्ही सारखे म्हणत होतात, जा, मला झोपू दे. आणि मी गेलो."

मी म्हटलं, कुठे गेलास? तू तर होतास.

"वीस पावलं गेलो. मोजली मी. वाटलं, दोघांनी मरण्यापेक्षा एकाने झोपडी गाठावी. आणि खरं सांगू, तुम्ही आदल्या दिवसापासून मला इतकं बोलला होता की पाय चटकन उचलले. विसाव्या पावलाला वाटलं, ताईला काय सांगू? म्हणून वळलो. तुमच्यासाठी नाही वळलो. तेव्हापासून झोप नाही मला. गादीचं दुकान आहे आणि झोप नाही."

एक गिऱ्हाईक आलं. तो उठून त्याला गादी दाबून दाखवायला लागला. मी निघून आलो.

यावर आज काही लिहीत नाही.

शुक्रवार, २१ जून

उद्याच्या व्याख्यानाची तयारी. मुद्दे: पाणी, आसरा, आग, दिशा. आग या मुद्द्यापाशी पान कोरं आहे.

शाळेत सहावीच्या पोराने विचारलं, सर, ढग खाली का येतात? मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. नंतर आत घेतलं.

संध्याकाळी अंगणात पुन्हा कांडी. पाऊस नाही, वारा नाही, गवत कोरडं. दीड तास. नुसत्या ठिणग्या. शी!

शनिवार, २२ जून

व्याख्यान चिलोंगोबाईंच्या कंपनीच्या मागच्या खोलीत. तंबू आणि दोऱ्यांच्या ढिगाला बुरशीचा वास. बाई मागे हजेरीची वही घेऊन बसल्या. समोर तिघे. पोस्टमास्तरांनी तर नवे बूट घालून आणले होते, मला दाखवायला. "बघा, बरोबर आहेत ना?" अर्धा नंबर लहान होते. मी म्हटलं, बदला. लगेच. ते एकदम आज्ञाधारक. माणसांनी असा विश्वास ठेवायचा नसतो.

पाणी झालं, आसरा झाला. आवाज चांगला लागला होता. मग धाकटी बहीण, तामांडा नावाची, बारीक, चष्मा, तिने हात वर केला. "सर, माणूस भिजला, थरथरायला लागला, हे ओळखता येतं. पण थरथर थांबली तर? म्हणजे तो बरा होतोय का?"

मी म्हटलं, "नाही."

मग थांबताच येईना. मी म्हटलं, थरथर थांबली की उलट फार बरं वाटतं, ते खोटं असतं. उकडतं. कपडे काढावेसे वाटतात. एखादा दगड मऊ वाटतो. शेजारी जो माणूस ओरडत असतो ना, तो जगातला सगळ्यात त्रासदायक माणूस वाटतो. त्याला तुम्ही जा म्हणता. त्याने जायचं नसतं. तो गेला तर संपलं. आणि सुती काहीही घालू नका. लोकर घाला, ससा असलेली चालेल.

मोठी बहीण लिहून घेत होती. तामांडाने विचारलं, "सर, हे सगळं तुमच्या मेव्हण्यांनी सांगितलं का तुम्हाला? त्यांना झालं होतं ना तसं?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. बाई मागे बसल्या होत्या. सोमवारी चौघे वर जाणार होतो.

मी म्हटलं, "नाही. दगडावर मी बसलो होतो. ओरडत होता तो. आणि मला पावसात आग पेटवता येत नाही. ऊन असलं तरी येत नाही."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पोस्टमास्तर आपल्या बुटांकडे बघत राहिले.

सगळे गेल्यावर चिलोंगोबाईंनी वही मिटली. मला वाटलं आता अहवालाची अकरा पानं तोंडावर मारतील. म्हणाल्या, "सोमवारी त्यांना सांडिफोलो नेईल. तुम्ही दर शनिवारी येऊन एवढं शेवटचं तेवढं सांगत जा. पाणी-आसरा नको, त्याला फार वेळ लागतो. आणि हातात वेळ असेल तर त्या परत आलेल्या झोपायच्या पिशव्या धुवायच्यात. अकरा आहेत." मी एक उघडून वास घेतला. त्यात माणूस नव्हे, बोकड झोपला असावा.

दोन धुतल्या.

रविवार, २३ जून

चर्चनंतर एनेलेसीला सांगितलं. सगळं. दगड, थोबाडीत, पाठीवर कोण कुणाच्या होतं. वीस पावलंही सांगितली. ती सांगू नयेत असं वाटत होतं, पण ती मधे आल्याशिवाय बाकीचं बसेना.

मी भांडणाच्या तयारीत होतो. उत्तरंही काढून ठेवली होती. तिने फक्त विचारलं, "वीस पावलं गेला आणि वळला?" मी हो म्हटलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली. कोंबडी शिजत होती. भांडं उतरवलं, पत्र्याचा डबा घेतला आणि भरायला लागली. मी दारात उभा राहून बघत होतो. दोन्ही तंगड्या गेल्या. छातीचा तुकडा गेला. मग पळीने तळ ढवळून पेटा शोधला.

कोंबडीचा पेटा घरच्या पुरुषाचा. लग्नाच्या पहिल्या रविवारपासून तो माझ्या ताटात येतोय. पाहुणा बिशप असला तरी पेटा माझा. यावरून लोकांचे संसार मोडलेत.

तिने तो डब्यात ठेवला, वर रस्सा ओतला, झाकण दाबलं आणि चपला घालून भावाकडे गेली.

मी मान आणि पाय खाल्ले. चांगले शिजले होते.